औशाला आज लाट किती?

समुद्र मी जन्मात बघितलेला न्हाई. तरी मागच्या उन्हाळ्यात औशात बसून मी समुद्राचं हवामान सांगत होतो.

औशाच्या स्टँडजवळ माझं पंक्चरचं दुकान हाय. शाळा चौथीत सोडली (खरं तर शाळेनंच मला सोडलं). पण हवा म्हणलं की आपला धंदाच! लेक मनी कोकणात दिलेली, समुद्राच्या काठाला. तिला सातवा लागला अन् तिनं डोहाळा सांगितला, "आबा, माझं डोहाळजेवण नावेत करायचं. हिरवी साडी नेसून पाण्यावर बसायचं."

इवाई, म्हंजे तिचा सासरा, होडीवाला माणूस. म्हणले, "काठाकाठानं फिरवून आणतो सुनेला. त्यात काय!"

झालं! मोबाईलवर सॅटेलाईटचा नकाशा उघडला. खालची अक्षरं इंग्रजी, पण रंगाला कुठं शाळा लागती? अख्खा समुद्र लालभडक! लाल म्हंजे धोका, एवढं तर बैलाला बी कळतंय.

लावला फोन. "इवाई, होडी काढू नका! तुफान यायलंय!"

"अहो, समुद्र माझ्या दारात आहे. ताटातल्या पाण्यासारखा शांत आहे."

"ते खालून दिसतंय. मी वरून बघायलोय!"

दुसऱ्या दिवशी जास्तच लाल. तिसऱ्या दिवशी तर समुद्राला गोवर निघाल्यागत! सकाळी फोन, दुपारी फोन. पाचव्या दिवशी इवाई हरले (तुफानाला न्हाई, माझ्या फोनला). कार्यक्रम औशाला ठरला. मनी एवढंच म्हणली, "बरं, आबा."

त्या 'बरं'नं काळजाला बारीक खिळा लागला. म्हणलं, "पोरी, नाव मी बनवतो!"

अंगणातल्या बाजंला पुठ्ठ्याची चोच लावली, निळा रंग फासला. खालून ट्रॅक्टरच्या चार जुन्या ट्यूबा हवा भरून बांधल्या. बायको म्हणली, "आवं, ह्या कशाला?"

"खऱ्या होडीसारखं दिसाया!"

कार्यक्रमाच्या दिवशी शेजारचा मंडपवाला रफिकभाई खांब रोवता रोवता थांबला. "मामू, जरा ऊपर देखो. आसमान काला हो रा."

"थांब रे, समुद्र बघू दे!"

"समुद्र कू छोडो, मामू! ये अपने सर पे है!"

मी काय मान वर केली न्हाई. मनी हिरव्या साडीत बाजंवर बसली. बायांनी ओटी भरली, अन् आभाळ फाटलं! अवकाळी, तेबी असा की मंडप गेला रफिकभाईच्या छपरावर. आमचं अंगण गल्लीत सगळ्यात खाली. बघता बघता पाणी गुडघ्याला!

बाया वसरीवर पळाल्या. बायको कडाडली, "आवं, पोरीला उतरवा!"

तवर बाज हालली. डुलली. अन् तरंगली!

मनी टाळ्या वाजवाया लागली. "आबा, नाव!"

इवायांनी धोतर खोचलं, एका हातानं बाज धरली अन् पुऱ्या अंगणात सुनेला फिरवून आणली. वसरीवर बायांनी गाणं धरलं. म्हणलं, आपण बी जरा बसावं. टेकलो कडंला, तर खालून आवाज, फुस्स्स! माझ्याच हातानं काढलेलं पंक्चर सुटलं. इवायांनी सुनेला अलगद उचलून वसरीवर ठेवलं. मला कुणी उचललं न्हाई. मी चिखलात उताणा, मोबाईल मात्र वर धरलेला!

मनीनं तो हातातून घेतला, बघितला अन् पोट धरून हसाया लागली. "आबा, हे लाटांचं न्हाईच! पाणी किती तापलं ते हाय! उन्हाळ्यात समुद्र कोमट होतो, म्हून लाल. लाटांचा नकाशा ह्यो बघा."

लाटांचा नकाशा निळाशार होता. कोकणात त्या दिवशी पानबी हाललं नव्हतं.

आता नातू वर्षाचा होत आला. आठ दिवसाला इवायांचा फोन येतो, "काय इवाई, औशाला आज लाट किती?"

मी बी मोबाईल बघत न्हाई. दार उघडतो, मान वर करतो अन् सांगतो, "आज कोरडं हाय. पण पंक्चर माझ्याकडं काढू नका!"