आईच्या वाती

“शैला, तोंड चालू दे, पण हातही चालू ठेव की गं!”

जिन्याखाली सतरंजी टाकून आमच्या इमारतीतल्या काकू कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. सगळ्या हसल्या आणि भाजीची पिशवी घेऊन मी पायरीवरच थांबले.

आईही रविवारी दुपारी अशीच बसायची. दुधात बोट बुडवायची, तळव्यावर कापूस वळायची. मी तिच्या मांडीला पाठ टेकून पडलेली असायचे. बाहेर कुठेही एक वाक्य बोलायचं तर मी ते आधी मनात तीनदा जुळवते. आईजवळ काही बोलावंच लागायचं नाही.

इंग्रजी शाळेत ‘फावल्या वेळात मी काय करते’ या निबंधात मी दरवर्षी पोहणं लिहायचे. मला पोहता येत नाही. पण आईजवळ नुसती पडून राहते, असं लिहिलं असतं तर बाईंनी त्याला छंद म्हटलं नसतं.

या पावसाळ्यात आई गेली. आता रविवार अख्खा माझा असतो. मी आवरलेलं कपाट पुन्हा आवरते, सिनेमा लावते, अर्ध्यात बंद करते. दुपार सरतच नाही.

शैलाकाकूंनी मान वर केली. “काय गं, आज सुट्टी ना? मजा आहे बाई तुमची!”

एरवी मी मान हलवून वर गेले असते.

“सुट्टी आहे, काकू,” मी म्हणाले, “पण घरी आई नाही.”