वहिनीने रंगवलेला लाल दरवाजा

नागोठण्याला एक जुना बंपर बघायला गेलो होतो, तेव्हा दादाचा फोन आला. "मंदा गेली रे..." एवढंच बोलला. सकाळी निघताना वहिनीनेच मला हाक मारून चहा प्यायला थांबवलं होतं. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. बंपर तिथेच टाकून मी रोह्याला परतलो. आता काही आठवडे झालेत. रडून झालंय. आता आठवते ती तिची माया.

मंदा वहिनी पेणची. तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. आमच्या घरात आली तेव्हा रोह्यात आमचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मी चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचो, दादा रंग मारायचा. वहिनी डबा घेऊन यायची, रंगखोलीच्या दाराशी थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. इतक्या वर्षांत ती तिथे काय बघते, हे आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही.

मग दादाची छाती बिघडली. सगळी उमर त्याने नाकाला नुसतं फडकं बांधून रंग मारला होता. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे रंगाच्या वासालाही उभं राहायचं नाही. तेव्हा जवळच्या वरसे गावच्या एका गुरुजींची लाल गाडी आमच्याकडे होती. टेम्पोने तिचा दरवाजा घासला होता. मी पत्रा ठोकून सरळ केला होता, दादाने पुट्टी घासून प्रायमरही मारला होता, फक्त रंग राहिला होता. गुरुजींच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, तिची पाठवणी त्याच गाडीतून व्हायची होती. मी मनाशी ठरवलं, ही गाडी बाहेरून रंगवून घ्यायची, गॅरेज बंद करायचं आणि एखाद्या कंपनीत शिफ्टला लागायचं. जेवताना तसं बोललोही. वहिनी भात वाढता वाढता म्हणाली, "भावजी, दरवाजा मी मारते. मला रंगाची गन येते."

दादा बघतच राहिला. "तुला गो कधीपास्ना येते?"

"लग्नाआधीपास्ना. बाबांकडे मूर्तीच्या अंगाचा रंग मीच मारायची. तुम्ही कधी इचारलंत काय?"

दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती रंगखोलीत गेली. पण मूर्ती रंग पिऊन घेते, पत्रा पीत नाही. पहिलाच हात जाड बसला आणि दरवाजावरून रंगाचे ओघळ उतरले. रंग सुकल्यावर पाण्याची बादली आणि पॉलिश पेपर घेऊन तिने सगळा दरवाजा घासायला घेतला. नेमके तेव्हाच गुरुजी आले. दरवाजा पुन्हा करडा झालेला बघून त्यांचा चेहरा उतरला. वहिनी ओल्या हातांनीच उठली. "माझ्याकडून बिघडला, गुरुजी. परत मारते. झाला नाय तर दुसरीकडं न्या, मी वाईट मानणार नाय."

गुरुजींनी दरवाजाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि भिंतीशी पडलेल्या टायरवर बसले. म्हणाले, "मारा. मी हायच इथं. चहा सांगा कोणीतरी..."

डब्यातला रंग तिने गाडीला लावून बघितला. "ह्यो लाल कोरा हाय. गाडीचा उन्हानं पिकलाय," असं पुटपुटत त्यात किंचित तपकिरी घातला. या वेळी हात भरभर चालवला, रंग पातळ ठेवला, मध्ये सुकू दिला आणि पुन्हा मारला. संध्याकाळी गुरुजी गाडीभोवती फिरले आणि मलाच विचारायला लागले, "घासला होता तो दरवाजा कुठला हो?" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. ती मुलगी त्याच गाडीतून सासरी गेली. परवा आम्हाला भेटायला आली, तेव्हा दारातच रडली.

गॅरेज चाललं ते असं. वहिनी रंगवायची, घरी दादा स्वयंपाक करायचा, आणि डबा घेऊन येणारा आता तो होता. गॅरेजात आल्या आल्या वहिनीने पहिलं काम केलं ते चांगले मास्क आणण्याचं. मी कंटाळा केला की खेकसायची, "भावजी, एकाची छाती गेली, ती बास झाली." पुढे तिने मलाही गन धरायला शिकवलं. आजही मी अख्खा घाट पायी चढतो, दम लागत नाही. ते तिचं देणं आहे.

दिवसकार्य उरकल्यावर गॅरेज उघडलं. निडी गावच्या एकाच्या गाडीचं बॉनेट तिने प्रायमर मारून ठेवलेलं होतं. 'सावकाश करा' असा त्याचा निरोप होता, पण मीच गन भरली. दादा मास्क लावून बाहेर, लांबवर उभा राहिला. रंग चांगला बसला. गन खाली ठेवतोय तोच एक चिलट येऊन बॉनेटच्या बरोबर मध्यावर चिकटलं. माझं बोट पुढे गेलं.

"राहू दे," दादा बाहेरून म्हणाला. "ओल्याला हात लावलास की ती चिडायची. सुकलं की घासून काढायची."

मी हात मागे घेतला. धूळ जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, आणि आम्ही दोघे भाऊ बाहेर बाकड्यावर रंग सुकायची वाट बघत बसलो.