तिन्हीसांजेचं घासलेट

आमच्या घरात वीज आली ती एका बल्बापुरती. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते, आई डोक्यावर पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून मासे विकायची, आणि मी खेडला आईच्या मावसबहिणीच्या पडवीत राहून कॉलेज करत होते. उपाशी राहिलो असं मी म्हणणार नाही. खाडीकाठी भात आणि कालवण मिळतंच. पण त्यापलीकडे माणसाला जे काही लागतं, ते आमच्याकडे कधीच नसायचं.

मग बाबांचा आवाज बसला. होडीवर ओरडून ओरडून घसा गेला असेल, असं सगळे म्हणाले. बाबाही तसंच समजले आणि हळद घातलेलं दूध पीत राहिले. मुंबईच्या इस्पितळात नेलं तोवर उशीर झाला होता. तिथे गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि घरी न्या म्हणून सांगितलं. ज्यांची हाक खाडीपलीकडे अंजनवेलला ऐकू जाते अशी थट्टा व्हायची, ते बाबा आता खाटेच्या लाकडावर बोटाची पेरं आपटून आम्हाला बोलवायचे.

नळीत कफ साचला की त्यांचा श्वास अडायचा. तो ओढून काढायला तालुक्याच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातलं जुनं मशीन दिलं होतं. काचेची बरणी, रबरी नळी आणि विजेवर चालणारी मोटर. आईने पाटी खाली ठेवली आणि ती मशीन चालवायला शिकली. मी प्रॅक्टिकलपुरती खेडला जायची, बाकी घरीच असायची.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पाऊस विसरायचा असतो. त्या वर्षीही थंडी पडू लागली होती, अंगणात सुकट वाळत घातलेली होती, आणि समुद्रावरून वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले. रस्त्यावर आंब्याची झाडं पडली, एस.टी. बंद झाली, आणि खाडीत होडी घालायची कोणाची छाती नव्हती. डॉक्टरांकडे जायचं तर जाणार कसं? त्या सकाळी आईने नळीला तोंड लावून कफ ओढला. थुंकायची, परत ओढायची. तेवढ्याने भागत नव्हतं. बाबांचे ओठ काळे पडू लागले.

गावात जनरेटर एकच होता, लग्नात मांडवाला लायटिंग करणाऱ्याचा. वादळाने त्याचं लग्नाचं काम पुढे गेलं होतं. चौघांनी तो बांबूला अडकवून आणला आणि आमच्या पडवीच्या टोकाला ठेवला.

"चालू पेट्रोलवर करायचा," मांडववाला मला म्हणाला. "तापला की हा कॉक फिरवायचा, मग घासलेटवर चालतो. पण बाय, पेट्रोल आता एवढंच होतं. बंद पडला तर परत चालू करायला माझ्याकडं थेंब नाय."

म्हणजे तो अखंड चालू ठेवायचा होता. बाबांना मशीन मधूनमधून लागायचं, पण जनरेटर सारखा घासलेट पीत राहायचा. होड्यांचं डिझेल होतं, ते त्याला चालत नव्हतं. रेशनच्या दुकानातलं पिंप रिकामं होतं. मग मी डबा घेऊन वाडीभर फिरले. कोणी बाटली दिली, कोणी चिमणीपुरतं ठेवून बाकीचं ओतलं. आई टाकीवर नरसाळं धरायची, मी ओतायची. थेंब बाहेर सांडला तर भडका उडेल म्हणून दोघी श्वास धरून उभ्या राहायचो.

दुसऱ्या दिवशी डबा संध्याकाळच्या आतच तळाला गेला. रस्ता मोकळा करणारे आज येतील, मग येतील, या आशेवर मी वेळ काढला होता. शेवटी शेजारच्या काकूच्या दारात गेले, तेव्हा ती तुळशीपुढे दिवा लावत होती. आई बाजाराला गेली की लहानपणी मला हीच काकू जेवायला घालायची.

"काकू, घासलेट दे."

तिने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "तिन्हीसांज झाली गो. आता घरातनं तेल, मीठ, इस्तव बाहेर देत नाय. सकाळी ये."

"सकाळपर्यंत बाबा राहतील का?"

"दिवा लागलाय. मी काय करू?"

"देवळात नेऊन ठेव ते घासलेट!" मी ओरडले. तिने दिव्याची वात सारली. पुढच्या दारातही तेच ऐकलं. त्याच्या पुढच्या दारात मी गेलेच नाही. रिकामा डबा घेऊन घरी आले. आईने डब्याकडे पाहिलं आणि मशीनची नळी धुवायला घेतली. शेवटचा कफ काढून घेऊ, एवढंच म्हणाली. जनरेटरचा आवाज मी कान देऊन ऐकत होते.

तेवढ्यात पायरीवर उजेड दिसला. काकू पेटता कंदील घेऊन आली होती.

"बसायला आलंय," ती म्हणाली.

अंगणातून आत आली, कंदील विझवला, थोडा निवू दिला. मग काच काढली, बर्नर फिरवून उघडला आणि कंदील आमच्या डब्यात पालथा केला.

"काकू..."

"मी काय दिलं नाय हां. माझा कंदील माझ्यासंगती आला. त्यातलं तुमच्या घरात सांडलं."

मागोमाग दुसरी आली, मग तिची सून, मग वरच्या आळीतल्या दोघी. कंदील पेटते यायचे आणि आमच्याकडे विझायचे. एका म्हातारीने नुसती चिमणी आणली, पदराआड वाऱ्यापासून जपत. त्यांची घरं मागे अंधारात राहिली होती. आईने टाकीवर नरसाळं धरलं.

घासलेट टाकीत गेलं. बायका आमच्या एका बल्बाखाली बसल्या. जनरेटरच्या धडधडाटात ओरडून बोलावं लागत होतं.

"मांडववाल्याचं मशीन आणलंव," काकू मला म्हणाली, "आता नवरा कुठं हाय तो सांग!"

"तो एस.टी.त अडकलाय गो!" तिची सून म्हणाली.

बाबांनी खाटेवर टकटक केली. कफ आला असेल म्हणून मी धावले. तर ते हसत होते. आवाजाशिवाय, गळ्यातल्या नळीतून फुसफुस करत. बाबांना हसताना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

पुढे वीज येईपर्यंत बायका रोज दिवेलागणीला कंदील घेऊन बसायला येत राहिल्या. तिन्हीसांजेला काही न देण्याच्या चालीवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. मी ओरडले त्याबद्दल काकूने मला कधी विचारलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. रेशनचं घासलेट आलं तेव्हा तिचा कंदील भरून दिला. भर दुपारी दिला.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. घरात, आपल्या खाटेवर. तेव्हा वीज होती, मशीन चालू होतं, त्याचा उपयोग झाला नाही. माझा निकाल त्यांनी ऐकला नाही. मी पास झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. खाडीपलीकडे पुढे केवढं मोठं वीजघर उभं राहिलं, रात्री त्याचे दिवे आमच्या दारातून दिसतात. आई त्याकडे पाठ करून बसायची.

त्या वादळात आमचा जनरेटर एकदाही बंद पडला नाही, आणि बाबा त्या वादळात गेले नाहीत.