कॉर्सेटची वेगळी ओळ

लक्ष्मी रस्त्यावर अजून म्हणतात, हाताने शिवलेल्या कॉर्सेटला, म्हणजे आत ताठ पट्ट्या बसवलेल्या घट्ट चोळीला, रास्त भाव माझ्या दुकानाने मिळवून दिला. खोटं आहे. मी त्याला ब्लाउजचीच शिलाई लावत होतो. भाव मिळवला तो माझ्याकडे शिवणाऱ्या बाईंनी. बोलण्याआधी त्या ओठांतली टाचणी काढून पदराला खोचत.

एकदा बाईंनी मला न विचारताच कॉर्सेटचा जास्त भाव सांगितला, तेव्हा नवरीची आई म्हणाली, "अहो, ब्लाउजच ना हा? एवढे पैसे?"

बाईंनी टाचणी खोचली. "ब्लाउज अंगाला सांभाळून घेतो, ताई. हे अंगाला शिस्त लावतं. आतली एकेक पट्टी हाताने बसवलीय. ब्लाउज हवा तर समोर मिळेल."

मी भाव उतरवायला तोंड उघडलं, तोच आरशासमोर ताठ उभी राहिलेली नवरी म्हणाली, "आई, मी हे काढणार नाहीये."

त्याच संध्याकाळी दरांच्या पाटीवर कॉर्सेटची वेगळी ओळ आली. आकडा बाईंनी सांगितला. मी फक्त खडू धरला.