मोटारीची किल्ली

ईरा आणि सोहम,

गाव सोडलं त्या सकाळी सामान टेम्पोत चढलं, घराला कुलूप लागलं आणि मी टेम्पोकडे न जाता विहिरीकडे चालू लागले. तुमचे बाबा मागून म्हणाले, "आई, आता तिकडे काय राहिलंय?" मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली होती.

ती विहीर दोन घरांत सामाईक. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ बाळूभाऊजी यांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. ज्याची पाळी, त्याच्याकडे किल्ली. पुढे बांधावरून दोघांचं बिनसलं आणि बरीच वर्षं बोलणं बंद राहिलं. पण भाऊजींचा कांदा वाळायला लागला की आजोबा आपल्या पाळीच्या दिवशी किल्ली त्यांच्या दारावरच्या खिळ्याला अडकवून यायचे. म्हणजे आजचं पाणी तू घे. पुढे कधीतरी तीच किल्ली आमच्या दाराला लटकलेली दिसायची. एक शब्द न बोलता. याला आमच्याकडे उसनी पाळी म्हणत.

आजोबा गेल्यावर शेत भाऊजींना वाट्याने दिलं. त्या सकाळी विहिरीवर किल्ली परत करायला गेले तेव्हा भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की वहिनी. कवा आलात तर लागंल." मी म्हटलं, "जिला भिजवायला शेत नाही, तिने किल्ली कशाला ठेवायची?" किल्ली त्यांच्या हातात दिली, तरी टेम्पो पारनेरहून केडगावच्या या फ्लॅटवर पोचेपर्यंत माझा हात सारखा कमरेशी, किल्लीच्या जागी, जात होता.

तुम्ही मेलबर्नहून विचारता, आजी, तिथे एकटी काय करतेस, इकडेच का येत नाहीस? आणि ईरा, नव्या शाळेत मधल्या सुट्टीत तू एकटीच बसतेस, असं तू मागे हळूच सांगितलंस. या दोन्हींचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहिते आहे.

आमच्या इमारतीत नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी खाली पार्किंगमधली मोटार कुणीतरी चालू करायची आणि टाकी भरेपर्यंत तिथेच थांबायचं. कुणाची पाळी कधी, हे तळमजल्यावरच्या हिराबाई ठरवतात. त्याही गावाकडूनच आलेल्या, माझ्याच वयाच्या. पहिले काही महिने माझी पाळी आलीच नाही. "बाईंला कशाला तरास," म्हणायच्या. ते बोलणं मायेचं होतं, पण मला ते टोचायचं. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई; इथे मी कुणाच्या हिशेबातच नव्हते. एके दिवशी हिराबाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि त्या दुपारी मी पहिल्यांदा खोक्यातली उरलेली भांडी बाहेर काढली.

समोरच्या फ्लॅटमध्ये तन्वी भाड्याने राहायला आली ती त्यानंतर. सावंतवाडीची मुलगी. तिचे वडील लाकडी खेळणी रंगवतात. ती शिकली आणि बोर्ड गेम तयार करणाऱ्या कंपनीत लागली. पट, सोंगट्या, नियम, सगळं तिने रचायचं. सोंगट्या इथल्या एमआयडीसीत बनतात, म्हणून तिला इथे पाठवलेलं. हिराबाईंना हे पटेना. "खेळ करती ते समाजलं. पर नोकरी काय करती?"

तन्वी कुणाशी बोलत नसे. दिवसभर दार बंद. आतून फक्त फाशांचा आवाज यायचा; चार जणांचा खेळ ती एकटीच चारी बाजूंना फिरून खेळायची. संध्याकाळी तिच्या आईचा फोन यायचा. "चेडवा, जेवलंस काय?" जिन्यापर्यंत ऐकू येई. हिचं उत्तर नेहमी "होय गे". आणि चूल तर पेटलेली नसायची. मग मी वाटीभर आमटी घेऊन जाऊ लागले. वाटी परत येताना धुतलेली यायची, पण माणूस दारातूनच मागे वळायचं.

एकदा तिने दारातच विचारलं, "आजी, माझा खेळ खेळून बघाल? खरी माणसं हवी आहेत." खेळ विहिरीचा होता. मध्ये विहीर, भोवती शेतं. निळे मणी म्हणजे पाणी. ज्याचं शेत वाळलं, तो बाद. हा खेळ ऑफिसला पसंत पडला नाही तर ती नोकरी सोडून घरी जाणार होती. इथे तिचं तसंही कुणी नव्हतं.

रविवारी दुपारी मी हिराबाईंना आणि वरच्या मजल्यावरच्या मंगलला आमच्याकडे बोलावलं. थोडा वेळ ठीक चाललं. मग मंगलचं शेत वाळायला आलं आणि हिराबाईंनी आपले मणी उचलून तिच्या शेतात ठेवले.

"आजी, असं नाही करायचं," तन्वी घाबरून म्हणाली. "त्या बाद होणार होत्या. तुम्ही जिंकला असता."

"माझं भिजलंय की. हिचा कांदा डोळ्यादेखत वाळू देऊ व्हय?"

"अहो, पण हा खेळ आहे!"

"मग खेळातच देती ना? खरं पानी कुठं मागितलं तिनं?" आणि मंगलकडे वळून, "पुढच्या पाळीला परत दे गं. न्हाईतर दारात येऊन बसंन."

मीही तेच केलं; हात आपोआप गेला. खेळ संपेचना. कुणी हरेना. तन्वीने शेवटी पट मिटला. "ज्यात कुणी हरतच नाही तो खेळ विकायचा कसा?" असं म्हणून ती आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात भरलेली बॅग दिसली.

मी म्हटलं, जायचंच असेल तर जा, पण एक दिवस माझ्याबरोबर गावाला चल. एसटीने गेलो. भाऊजींनी चहा दिला, मला खुर्ची दिली. पाहुण्यांना देतात तशी. मग मी तिला ती विहीर दाखवली, मोटारीची खोली दाखवली आणि दारावरचा तो खिळा दाखवला. दोन भावांची गोष्ट सांगितली. तिने खिळ्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "उसनी पाळी परत केलीच नाही तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या दाराला किल्ली लटकत नाही."

परतताना ती एसटीत सोंगटी हातात फिरवत होती. बॅग तिने उघडली की नाही, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी ती स्वतःच आमच्या दारात आली. "चला, जमिनीवरच बसू. तुमच्याकडे खुर्च्या कमी आहेत." नवा नियम असा होता: पाणी उसनं देता येईल, पण दुष्काळ यायच्या आत ते फिटलं नाही तर सगळीच शेतं वाळतील. मणी परत देईना म्हणून हिराबाईंनी त्या दिवशी मंगलला इतकं झापलं की वॉचमन बघायला आला. तन्वी हसली. तिचा आवाज मोठा आहे, हे मला तेव्हा कळलं.

ऑफिसचं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित नकारच येईल. पण मागच्या आठवड्यात सकाळी दार उघडलं, तर समोरच्या दाराच्या कडीला मोटारीची किल्ली अडकवलेली. आमच्याकडे भाडेकरूला किल्ली देत नाहीत. खालून हिराबाईंची हाक आली, "ए खेळवाले, पानी आलंय! झोपलीस व्हय?" तन्वी ओल्या केसांनी, अनवाणी, धाडधाड जिना उतरली. मोटार सुरू झाली. संध्याकाळी फोनवर तिच्या आईला ती सांगत होती की आज तिच्यामुळे सगळ्यांना पाणी मिळालं.

ईरा, तिथल्या मुलींना तुझ्याकडून काय लागतं ते बघ. तुझ्यावाचून त्यांचं काही अडू दे. मग त्या तुला शोधत येतील.

गावचं घर अजून आहे. साफ करायला मी जाते आणि चहा पिऊन परत येते. तुमच्याकडे यायचं तर मला आहेच, महिनाभर, तुम्ही म्हणाल तेव्हा. पण राहायला नाही. आणि या आठवड्यात तर नाहीच. पुढच्या पाण्याला माझी पाळी आहे.

तुमची,
आजी