उभ्या मोटारीचा ब्रेक

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, अंगात येणं, कौल लावणं, यातलं मला काहीही पटत नाही. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली बाई आहे मी. शेजारणी असलं काही सांगू लागल्या की मी उठून चहा टाकायला जाते! तरीही हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते माझ्या स्वतःच्या तळपायाला कळलं... आणि स्वतःच्या पायाला खोटारडा कसं म्हणू?

साल एकोणीसशे तेहतीस-चौतीस असेल. हुरड्याचे दिवस. आम्ही सोलापुरात, रेल्वे लाइन्सला राहायचो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, वकील. त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती, पण चालवायची मी, कारण स्टिअरिंग धरलं की अण्णांना घाम फुटायचा. वकिलाची पोरगी मोटार हाकते म्हणून लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बघत. बघू देत की!

तर या मोटारीला एक खोड लागली. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं आणि सगळी गाडी हिसके द्यायची. माझी थोरली बहीण कमलताई अक्कलकोटला दिलेली, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. तिच्या सासूबाईंनी आमची मोटार दारात थांबताना एकदा बघितली आणि हातच जोडले. "अय्यय्यो! असले हिसके बसले तर पोर वाटंतच बाहेर यील की. गाडी नीट करा, मग सून न्या. न्हायतर हितंच करू बाळंतपण." ताईचा चेहरा एवढासा झाला. तिला आई जवळ हवी होती हो, दुसरं काही नको.

मग काय, मी पदर खोचला. स्टेशनजवळचे इस्माईल मिस्त्री आणि मी मिळून चाकं उतरवली. चाकाच्या आत ब्रेकचा लोखंडी ड्रम असतो, घमेल्यासारखा. तो गोल हवा, आमचा किंचित लांबट झालेला. चाक फिरेल तसा त्याचा फुगवटा ब्रेकला ढकलणार आणि तो धक्का पायापर्यंत येणार. साधं शास्त्र! मिस्त्रींनी ड्रम लेथवर घासून गोल करून आणला, गाडी मऊ थांबू लागली... आणि थोड्याच दिवसांत पुन्हा धडधड! मिस्त्री वैतागले. "क्या बेटी, गाडी चलातीं की कूटतीं?"

उलगडा झाला तो आमच्याच दारात. अण्णा आणि मी तुळजापूरहून आलो होतो, घाट उतरून, मग गावातल्या बैलगाड्यांच्या गर्दीत सारखा ब्रेक दाबून ड्रम चांगलेच तापलेले. आई भाकरतुकडा आणि पाण्याची घागर घेऊन उभी. मोटार बाहेरगावाहून आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा आणि चाकांवर गार पाणी ओतायचं, हा तिचा नेम. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आई! अगं तापलेल्या लोखंडावर गार पाणी! वाकडं नाही का होणार ते?"

"वाटंवरनं आलेल्याच्या पायावर पाणी नको व्हय? बैलं आली तरी घालतो. हिनं काय घोडं मारलंय?"

आई माळशिरसकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्यापुढं अण्णांची वकिलीसुद्धा चालत नसे. शेवटी तडजोड झाली, पाणी घालायचं ते गाडी निवल्यावर. ड्रम पुन्हा घासला. मग कुठंही ब्रेक लावा, पेडल गप्प. मी तर अंगणात नाचले!

आई आणि मी अक्कलकोटला गेलो. सासूबाईंनी आधी स्वतः बसून एक फेरी मारली, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. ताईला मागं आईजवळ बसवलं आणि निघालो. वळसंगच्या अलीकडे ताई एकदम म्हणाली, "इंदे, थांब गं." आवाज वेगळाच वाटला. मी उतारावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढायचा नाही असं मिस्त्रींनी बजावलं होतं, म्हणून पाय पेडलवरच ठेवला.

"सकाळपासून पोटात काही हललं नाही गं," ताई म्हणाली. "सासूबाईंना बोलले असते तर त्यांनी येऊ दिलं नसतं." आणि ती रडायला लागली. आईनं तिच्या पोटावर हात ठेवला, पण हाताला काही लागेना. ती पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली.

आणि पेडल धडधडलं.

गाडी उभी, इंजिन बंद. चाकच फिरत नाही तर ड्रम धक्का देणार कसा? पण पायाखाली ठोके पडत होते... भराभर, नाजूक, कोंबडीचं पिल्लू ओंजळीत धरल्यासारखे. मी आईला चाकाखाली दगड लावायला सांगितला, पाय काढला, चप्पल काढून पुन्हा ठेवला. ठोके होतेच. आणि नीट लक्ष दिलं तर ते दोन होते! एक पुढं, एक जरासा मागं, एकमेकांत मिसळणारे.

"ताई, पुढं ये. पाय ठेव इथं."

ती डोळे पुसत आली, पाय ठेवला आणि तिचं रडंच थांबलं. "अगं बाई... हे तर..." तिनं पोटाला हात लावला. "लाथ मारली! इंदे, लाथ मारली गं!"

आम्ही तिघी भर रस्त्यात हसत सुटलो. शेजारच्या शेतात हुरडा भाजणारी मंडळी या वेड्या बायकांकडं बघत राहिली. त्यातल्या एका म्हातारीनं पानावर गरम हुरडा आणून दिला, तो ताईनं एकटीनं फस्त केला. तोवर पेडल गप्प झालं होतं.

पुढं लवकरच ताई आमच्या घरी बाळंत झाली. मुलगा! सुईणबाई त्याला आईच्या हाती देऊन हात धुवायला वळल्या, तशी मी दाराबाहेरून ओरडले, "थांबा! अजून एक आहे!"

"गप गं! पोरीच्या जातीनं असलं बोलू न्हाय," आई खेकसली. जुळ्याची शंका तोवर कुणालाच आली नव्हती. पण आत ताईला पुन्हा कळ आली, सुईणबाई धावल्या, आणि थोड्या वेळानं दुसरं रडं ऐकू आलं. मुलगी! अण्णा तर कोर्टाचा कोट न घालताच पेढे आणायला पळाले.

मिस्त्रींनी नंतर सगळं उतरवून तपासलं. ड्रम गोल, पेडलपासून चाकापर्यंतच्या सळ्या घट्ट, कुठं दोष नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्याच पायातली नाडी असेल." असेल बाई! पण मग ती ताईला कशी लागली? आणि दोन कशा? मी पुस्तकं चाळली, शिकल्यासवरल्यांना विचारलं, अजून विचारते. उत्तर मिळालेलं नाही.

ताईला विचारलं तर हसते नुसती. म्हणते, "तुला उत्तर पाहिजे होतं, मला पोरं पाहिजे होती. माझं मला मिळालं. तुझं तू शोधत बस!"