नॉस्टिकांवरचं माझं व्याख्यान

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्या मराठी मंडळाचं दर महिन्याला कुणाच्या तरी व्हिलात व्याख्यान असतं आणि नंतर मिसळ. विषय कुठलाही असो, शेवट ठरलेला: हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं. मग टाळ्या. त्या टाळ्यांची मला हाव होती.

एकदा आठवडाच उरला असताना वक्त्याने नकार दिला आणि माळ माझ्या गळ्यात पडली. मी घेतलेला विषय मात्र माझ्या मुलीचा होता. ती इथेच वाढली, माझ्या हट्टाने कम्प्युटर इंजिनीअर झाली आणि एके दिवशी परदेशी विद्यापीठाचं पत्र, शिष्यवृत्तीसकट, माझ्यापुढे ठेवून म्हणाली, मला इजिप्तमधल्या जुन्या पोथ्या शिकायच्या आहेत. मी म्हणालो, "त्या वाचून जॉब कोण देणार? सिलिकॉन ओएसिसमधल्या आयटी कंपन्यांत अप्लाय कर. खलास." त्यानंतर पंधरा दिवस आमच्यात अबोला होता.

तो मीच मोडला. "तुझ्या त्या पोथ्यांबद्दल जरा समजावून सांग," म्हणालो. पोरीचा चेहरा खुलला. बाबा विरघळला, असं तिला वाटलं. व्याख्यानाचं मी सांगितलंच नाही.

तीन संध्याकाळी तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवलं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत इजिप्त, सीरिया या भागांत काही पंथ होते. त्यांना आज नॉस्टिक म्हणतात. ग्रीक भाषेत नॉसिस म्हणजे ज्ञान, पण पुस्तकी नव्हे, स्वतःला आतून झालेलं. त्यांच्यातले बरेच जण मानत की हे जग खऱ्या देवाने केलेलं नाही. एका दुय्यम, अडाणी निर्मात्याने ते केलं. आपल्या वर कुणी आहे हे त्याला ठाऊकच नाही. माणसाच्या आत मात्र त्या वरच्या उजेडाची ठिणगी अडकून पडलीय आणि तिची ओळख पटणं म्हणजे सुटका. चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं. शतकानुशतकं त्यांची माहिती मुख्यतः त्यांच्या शत्रूंच्याच लिखाणातून मिळायची. मग गेल्या शतकात इजिप्तमध्ये खतासाठी माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. आत चामड्याच्या बांधणीतल्या पोथ्या.

"म्हणजे तो निर्माता दुष्ट?" मी विचारलं.

"काही जण तसं म्हणतात. पण मला वाटतं, ही जस्ट डझन्ट नो, बाबा."

मग म्हणाली, "अँड प्लीज, डोन्ट से इट्स द सेम अ‍ॅज अवर उपनिषद्स. वेगळं आहे ते." माझ्यासाठी तिने सगळं एका वहीत मराठीत लिहून दिलं. शाळेत मराठी कधी शिकली नाही ती. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं होतं.

व्याख्यानाला मी ती वही जशीच्या तशी वाचली. तिचं नाव घेतलं नाही. ती मागच्या रांगेत आईशेजारी बसली होती. शेवटी वही मिटून मी म्हणालो, "आत्मा, माया, ज्ञान, सगळं आपल्या उपनिषदांत आहे. मग त्यासाठी इजिप्तच्या पोथ्या कशाला उकरायच्या?" लोक हसले. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. मी मिसळही दोनदा घेतली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "यू ओन्ली वॉन्टेड द नोट्स."

मला चूक कळली होती, म्हणूनच मी भडकलो. "हे घर मी उभं केलंय. तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. मी स्पॉन्सर आहे तुझा. या घरात माझ्या वर कुणी नाही!"

ती रडली नाही. टेबलावरची वही उघडून तिने माझ्यापुढे सरकवली. तिसऱ्या पानावर त्या अडाणी निर्मात्याची बढाई होती. तिच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: माझ्या वर कुणी नाही. तासाभरापूर्वी मीच ते चाळीस माणसांसमोर आवाज चढवून वाचलं होतं.

"कॅन्सल माय व्हिसा, बाबा," ती म्हणाली.

इथे तो अर्ज स्पॉन्सरलाच करावा लागतो. मी केला. कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहिलं. वही ती माझ्याकडेच ठेवून गेली.

आता रविवारी आईला तिचा फोन येतो. मी शेजारीच बसतो, टीव्हीचा आवाज बंद करून. माझी चौकशी ती आईकडेच करते.